थम्मसातचं छप्पर: भाताची खाचरं, पावसाचं पाणी आणि गच्चीची किल्ली

हळदीला भरणी करतात, बटाट्याला भर देतात. रोपाच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंनी माती ओढायची, म्हणजे गड्डा उघडा पडत नाही आणि पाणीही बुंध्यात साचून राहत नाही. थायलंडमध्ये एका माणसाचं नावच या मातीच्या भरीवरून ठेवलेलं होतं. पुआय उंगपाकॉन. कुटुंब मूळचं चिनी, आणि 'पुआय'चा अर्थ झाडाच्या बुंध्याशी घातलेली माती. हा माणूस १९५९ ते १९७१ या काळात थायलंडच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर होता. १९६५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे ते बँकॉकच्या थम्मसात विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांचं हत्याकांड झालं आणि त्यांना देश सोडावा लागला. १९९९ साली इंग्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांचा जन्म १९१६ चा. जन्मशताब्दीच्या निमित्ताने विद्यापीठाने रंगसितच्या आवारात त्यांच्या नावाची इमारत आणि बाग उभारायचं ठरवलं. भूदृश्य रचनाकार कोटचकॉर्न वोराखोम आणि त्यांच्या 'लँडप्रोसेस' या संस्थेने त्या इमारतीचं छप्पर नावाला जागणारं केलं. लांबून पाहिलं तर इमारत दिसतच नाही, पायऱ्यापायऱ्यांची हिरवी टेकडी दिसते. डिसेंबर २०१९ मध्ये हे छप्पर खुलं झालं. क्षेत्रफळ २२,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेपाच एकर. त्यातल्या ७,००० चौरस मीटरवर, आपल्या हिशेबाने ६९ गुंठ्यांवर, सेंद्रिय शेती होते. आशियातली सर्वांत मोठी छपरावरची सेंद्रिय शेती अशी त्याची ओळख करून दिली जाते, आणि विद्यापीठांच्या हिरव्या छपरांचा विषय निघाला की याचा फोटो हमखास पुढे येतो.

मला या प्रकरणाचा अभ्यास करावासा वाटला तो फोटोमुळे नाही. आपल्याकडच्यासारखाच मोसमी पाऊस झेलणारं एवढं मोठं हिरवं छप्पर, तेही विद्यापीठाचं, दुसरं माझ्या माहितीत नाही. युरोपातली उदाहरणं आपण कितीही वाचली तरी तिथला पाऊस भुरभुर पडतो. तिथे चालणारं गणित जुलै महिन्यात रत्नागिरीत चालेलच असं नाही.

जागा आणि तिथलं पाणी

रंगसित बँकॉकच्या उत्तरेला, पथुम थानी प्रांतात, शहराच्या मध्यापासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. चाओ फ्राया नदीच्या गाळाचा हा प्रदेश तव्यासारखा सपाट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे कालव्यांचं जाळं खोदलं गेलं आणि दलदलीचं भातशेत झालं. पुढे शहर सरकत आलं. भातशेतावर कारखाने, वसाहती, विद्यापीठं उभी राहिली, भराव पडले, कालव्यांच्या कडेने रस्ते झाले. हे वाचताना कोणाला वसई-विरार आठवलं तर नवल नाही.

२०११ साली चाओ फ्रायाला महापूर आला. देशात आठशेहून अधिक माणसं मेली. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज साडेचार हजार कोटी डॉलरच्या वर धरला. त्या वेळी थम्मसातचं रंगसित आवार पूरग्रस्तांची छावणी होतं, वरच्या भागातून बाहेर काढलेले लोक तिथे राहायला आणले होते. ऑक्टोबरमध्ये पाणी आवारातच घुसलं आणि त्या लोकांना दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलवावं लागलं.

ही गोष्ट छपराच्या प्रत्येक वर्णनात येते, आणि मांडणी साधारण अशी असते: पूर आला, विद्यापीठ शहाणं झालं, छप्पर बांधलं. इथे थोडं थांबायला हवं. २०११ चा पूर छपरावर पडलेल्या पावसाचा नव्हता. तो उत्तरेकडून, शेकडो किलोमीटरच्या खोऱ्यातून, आठवड्यांमागून आठवडे सरकत आलेला नदीचा पूर होता. साडेपाच एकरांचं छप्पर कितीही हिरवं असतं तरी त्या पुरापुढे काहीच करू शकलं नसतं. हिरवं छप्पर उपयोगी पडतं ते दुसऱ्या जातीच्या पुरात. दोन तासांत धो धो पाऊस पडतो, सगळ्या इमारतींच्या गच्च्या आपलं पाणी एकदम गटारात सोडतात, गटार तुंबतं आणि रस्त्याची नदी होते. बँकॉकला दोन्ही जातींचे पूर येतात. वरून समुद्राची भरती वेगळीच. पण कोणत्या दुखण्यावर कोणतं औषध, एवढं तरी स्पष्ट असावं, नाहीतर पुढच्या महापुरात लोक म्हणतील की हिरव्या छपराचा काही उपयोग झाला नाही.

छप्पर चालतं कसं

कल्पना भाताच्या खाचरांवरून उचललेली आहे. गंमत म्हणजे रंगसितच्या सपाटीवर उतारावरची खाचरं कधीच नव्हती. ती थायलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत असतात. म्हणजे डोंगरातली शेती सपाटीवर आणायची, तर आधी डोंगर बांधावा लागला. तो या इमारतीने पुरवला. इमारतीचा नकाशा इंग्रजी 'एच' अक्षरासारखा आहे. छप्पर मध्यावर उंच आणि कडेकडे पायऱ्यांनी उतरतं. कोकणात डोंगरउतारावर पाहिलं असेल तर वेगळं सांगायला नको: वरचं खाचर भरलं की मेरेवरून पाणी खालच्या खाचरात, तिथून आणखी खालच्यात. थम्मसातच्या छपरावर हेच नागमोडी वाटेने होतं. प्रत्येक टप्प्यावर थोडं पाणी मातीत मुरतं, थोडं बांधाआड थांबतं, उरलेलं गाळून खाली जातं. शेवटी इमारतीच्या चार अंगांना चार तळी आहेत, तिथे ते जमा होतं. साध्या काँक्रीटच्या गच्चीच्या तुलनेत पाण्याचा वेग वीस पटींपर्यंत कमी होतो, असं रचनाकारांचं म्हणणं आहे.

वीस पटींचा आकडा मी तसाच्या तसा घेणार नाही, कारण असे आकडे पाऊस किती आणि आधी माती किती कोरडी यावर हलतात. एप्रिलमध्ये तापलेल्या मातीवर पहिला वळीव पडला तर माती बहुतेक सगळा गिळून टाकते. सलग चौथ्या दिवशी झड लागली असेल तर तीच माती काठोकाठ भरलेली असते, तिच्यात थेंबभरही जागा नसते. मग उरतं ते फक्त वाट लांब केल्याचं काम: पाणी आलंय तेवढंच, पण उशिरा पोचतंय. म्हणून या छपरात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट छपरावर नाहीच, ती खाली आहे. ती चार तळी.

त्यांची एकत्रित क्षमता ११,७१८ घनमीटर सांगितली जाते, म्हणजे १ कोटी १७ लाख लिटर. दहा हजार लिटरचे अकराशे सत्तर टँकर. नुसत्या छपराचंच पाणी धरलं आणि तळी रिकामी आहेत असं समजलं, तर सुमारे ५३० मिलिमीटर पाऊस त्यांत मावेल. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. तोही निम्म्याहून अधिक मावला असता. अर्थात तळ्यांत भोवतालच्या बागेचंही पाणी येणार, आणि ती पावसाळ्यात रिकामी कधीच नसणार. तरी मापाचा अंदाज येतो. तळी काढून टाकली तर हे छप्पर सुंदर राहील, पाणीदार राहणार नाही. पावसाळा सरल्यावर हेच पाणी वरच्या शेतीला चढवलं जातं. छप्पर खुलं झालं त्याच्या पुढच्याच महिन्यांत थायलंडमध्ये तीव्र दुष्काळ होता, त्यामुळे साठवणीची गरज पहिल्याच वर्षी समोर आली.

छपरावर ५ लाख वॅट क्षमतेची सौर पॅनेलंही आहेत. काही वर्णनांत 'तासाला ५ लाख वॅट' असं छापलेलं दिसतं, ते चूक आहे. वॅटमध्येच काळ धरलेला असतो, पुन्हा 'तासाला' लावायची गरज नाही.

हे सगळं एकदम सुचलेलं नाही. २०१७ साली याच रचनाकाराने बँकॉकच्या मध्यवस्तीत चुलालाँगकॉर्न विद्यापीठाचं शताब्दी उद्यान केलं होतं. अकरा एकरांची बाग, पण सगळी बाग तीन अंशांनी एका बाजूला कललेली. वरच्या टोकाला इमारतीचं हिरवं छप्पर, खालच्या टोकाला तळं, आणि एकूण १० लाख गॅलन, म्हणजे ३८ लाख लिटरच्या आसपास पाणी धरण्याची सोय. पाणी उतारावरून खाली येणारच, तर त्याला वाटेत कामाला लावायचं, हा विचार तिथे आधी करून पाहिला होता. थम्मसातला तो छपरावर चढवला.

भाजीचा हिशेब

आता ज्याचा सर्वांत जास्त गाजावाजा होतो त्या शेतीकडे. भात, पालेभाज्या, औषधी वनस्पती, फळझाडं मिळून चाळीसेक खाण्याजोग्या जाती. वर्षाला २० टन माल आणि त्यातून विद्यापीठाच्या खानावळींत ८०,००० जेवणं, असा आकडा दिला जातो. भागाकार केला तर एका जेवणामागे पाव किलो माल पडतो, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. पण दुसरा भागाकारही करून पाहा. आवारात ४०,००० माणसं आहेत असं सांगतात. तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला वर्षात दोन जेवणं. दोन! पावणेदोन एकरांत २० टन हा आकडा आपल्या टोमॅटोवाल्या शेतकऱ्यालाही फार मोठा वाटणार नाही.

म्हणजे शेती हा दिखावा झाला का? मला आधी तसंच वाटलं होतं. मग लक्षात आलं की शेतीचं इथलं काम पोट भरणं हे नाहीच. ती या छपराची देखभाल आहे.

हिरवं छप्पर मरतं कसं ते कोणत्याही आवारात पाहता येतं. उद्घाटनाला हिरवळ, पाहुणे, फोटो. दुसऱ्या वर्षी माळ्याचं कंत्राट संपतं. निचऱ्याच्या तोंडाशी पाला अडकतो, पाणी तुंबतं, तण माजतं. आणि मग पिंपळ येतो. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कठड्याच्या भेगेतला पिंपळ उपटणं हे घरातलं ठरलेलं काम असतं, कारण त्याचं मूळ सापट शोधत स्लॅबमध्ये उतरलं की काही वर्षांत छत गळायला लागतं. ज्या छपरावर रोज कोणी जात नाही तिथे पिंपळाला कोण पाहणार? पीक असलं की कोणीतरी रोज वर जातंच. भात लावणारा माणूस बांध फुटलेला त्याच दिवशी पाहतो. खानावळीचा ओला कचरा खत होऊन वर जातो, भाजी खाली येते, आणि या येरझाऱ्यांत निचरा आपोआप तपासला जातो. ८०,००० जेवणांचं मोल माझ्या हिशेबी एवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठाच्या ग्रंथालयावरचं १९९८ चं गवताचं छप्पर, सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या कला विद्यालयाची २००६ ची हिरवी कमानदार छपरं, वॉर्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयावरची एक हेक्टरची बाग, ही सगळी पाहण्या-बसण्याची छपरं आहेत आणि तिथल्या विद्यापीठांकडे त्यांची निगा राखायला पैसा आहे. आपल्याकडे निगेसाठी वेगळी तरतूद टिकत नाही. कामाच्या ओघात निगा राखली गेली तरच राखली जाते.

गच्चीची किल्ली

थम्मसातचं छप्पर जमिनीपासून चढत जातं. पायऱ्या आहेत, उताराच्या वाटा आहेत, मध्ये गोलाकार बसायच्या जागा आहेत. संध्याकाळी विद्यार्थी चढून जातात. कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्या महाविद्यालयांत गच्चीची किल्ली कार्यालयात असते, आणि कार्यालय पाचला बंद होतं. किल्ली मागायला गेलं की पहिला प्रश्न: "कशाला हवीये?" कारणं खोटी नाहीत. कठडे बुटके असतात, टाक्या उघड्या असतात, अपघाताची भीती असते. पण कुलूपबंद गच्चीवर हिरवं छप्पर करणं म्हणजे बंद घरात तुळस ठेवून गावाला जाणं. म्हणून एखाद्या संस्थेने मला विचारलं तर मी मातीच्या जाडीआधी किल्लीचं विचारीन: किल्ली कोणाकडे राहणार, आणि सुट्टीत?

आपल्या गच्चीवर आणायचं तर

थम्मसातचं छप्पर पहिल्या रेघेपासून वजन धरून आखलं आहे. आपल्याकडे मात्र प्रश्न येतो तो उभ्या इमारतीचा, आणि तिथे गाडी वजनाशी अडते. भिजलेली साधी माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. वीतभरही नाही, पंधरा सेंटिमीटरचा थर धरला तरी चौरस मीटरला सव्वादोनशे ते तीनशे किलो. भारतीय मानकात वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण दीडशे किलो चल भार (माणसं आणि सामान यांचा) धरतात, वावर नसेल तर त्याच्या निम्मा. म्हणजे साध्या गच्चीवर थम्मसातसारखी शेती करायला गेलं तर स्लॅबवर ठरल्याच्या दीडपट ते दुप्पट बोजा. संरचना अभियंत्याने मूळ आराखडे पाहिल्याशिवाय एक घमेलंही वर नेऊ नये. जुन्या इमारतींच्या गच्चीवर जाड ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) असतो, त्याचंही वजन बरंच असतं. कोबा काढून त्या जागी हलकं आधुनिक जलरोधन केलं तर थोडी मोकळीक मिळते, पण हा निर्णय अभियंत्याचा, उत्साही समितीचा नाही.

जलरोधनाच्या वर मुळं अडवणारा पडदा, त्यावर निचऱ्याचा थर, त्यावर गाळणीचं कापड, मग हलकी माती. यातलं काही गाळलं की भुर्दंड खालच्या वर्गातल्या छताला बसतो. पाणी भरून किमान दोन-तीन दिवस चाचणी घ्यावी आणि ती मातीच्या आधी घ्यावी. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

दुसरा हिशेब पाण्याचा. समजा पुण्यातल्या एका महाविद्यालयाची गच्ची १,००० चौरस मीटर आहे. वर्षाचा पाऊस साधारण ७२० मिलिमीटर, म्हणजे सगळा थेंब न् थेंब धरला तर ७ लाख २० हजार लिटर. पावसाळ्याबाहेरचे आठ महिने, म्हणजे २४० दिवस, भाजीला दिवसाला पाच मिलिमीटरने पाणी दिलं तर लागतं १२ लाख लिटर. तुटीचं पाणी कुठून आणणार? टँकरने? बँकॉकला वर्षाला सोळाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो मे ते ऑक्टोबर असा पसरलेला असतो. थम्मसातची भाजी पुण्यात जशीच्या तशी आणली तर ती टँकरवर जगेल. मुंबई-कोकणात पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत कोसळतो. तिथे पायऱ्यांचं छप्पर आणि खाली मोठी टाकी ही जोडी शोभते, तीही नव्या इमारतीत.

पुण्या-साताऱ्याच्या जुन्या गच्च्यांसाठी मला रंगसितपेक्षा घरचंच उदाहरण जवळचं वाटतं. कास पठारावर किंवा रत्नागिरीच्या कातळसड्यांवर जाऊन पाहावं. खाली अखंड कातळ, वर जेमतेम काही सेंटिमीटर माती, निचरा धड नाही. वर्णन अगदी काँक्रीटच्या गच्चीचं! तरी पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवं, तेरडा, गवतं उमलतात आणि ऑक्टोबर सरता सरता सगळं वाळून तपकिरी होतं. बी मातीत पडून राहतं, पुढच्या जूनची वाट पाहत. युरोपातल्या पातळ छपरांवर सेडम नावाची जाडपानी, बुटकी रोपं लावतात. आपल्या पावसाळ्याच्या सलग ओलीत ती कुजतात. सड्यासारखं छप्पर चार महिने हिरवं आणि आठ महिने वाळकं राहील, त्याला पाणी द्यावं लागणार नाही. अडचण एकच: जानेवारीत तपासणी समिती आली की वाळकं गवत पाहून कोणीतरी विचारणार, "हे मेलं का?" (आणि हो, रोपं कासवरून उपटून आणायची नाहीत. परिसरातल्या माळरानाचं बी स्थानिक वनस्पतिशास्त्र विभागाने गोळा करावं.)

भाजीच करायची असेल तर माती न चढवताही करता येते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून घरच्या पालापाचोळ्यावर गच्चीत पिकं घेण्याचा प्रसार केला, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलली. पालापाचोळ्याचं खत मातीपेक्षा हलकं असतं, वाफे खांबांच्या आणि तुळयांच्या रेषेवर ठेवता येतात, गळती दिसली तर उचलून बाजूला करता येतात. यातून पुराचं पाणी अडणार नाही. मात्र वसतिगृहाच्या खानावळीचा आचारी कढीपत्त्याला रोज गच्चीवर जाईल, आणि किल्ली त्याच्याच खिशात राहील.